आरव्हीचा फ्रीज उन्हाळ्यात गार होत नाही: आधी काय तपासायचं, मग काय

जून उजाडला की ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या आसपासच्या आपल्या मंडळींकडून, म्हणजे ज्यांनी ट्रेलर किंवा मोटरहोम घेतलंय त्यांच्याकडून, ठरलेला फोन येतो. "फ्रीज चालू आहे, हिरवा दिवा लागतोय, पण दही दुसऱ्या दिवशीच आंबतंय." बहुतेकांनी फोन करण्याआधीच नवीन फ्रीजच्या किमती बघून ठेवलेल्या असतात. एवढी घाई नको. उन्हाळ्यातल्या या तक्रारीत फ्रीज खरोखर मेलेला निघणं हा अपवाद असतो. बहुतेक वेळा फ्रीज आपलं काम करत असतो, त्याच्या पाठीमागची गरम हवा मात्र बाहेर पडत नसते.

हे सगळं शोषण पद्धतीच्या, म्हणजे ॲब्सॉर्प्शन फ्रीजबद्दल आहे. गॅसवर आणि विजेवर असा दोन्हीवर चालतो तो. ओळखायला सोपा: बाहेरच्या भिंतीला खाली एक जाळीचं झाकण, वर छपरावर किंवा भिंतीलाच दुसरी जाळी, आणि चालू असताना घरातल्या फ्रीजसारखी घरघर नाही. अलीकडच्या बऱ्याच ट्रेलरमध्ये १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज येतो. तो उन्हाळा जास्त चांगला सोसतो, पण बॅटरी खातो. त्याचं दुखणं वेगळं, ते इथे नाही.

आधी लक्षणं

मोजल्याशिवाय काही बोलू नका. फ्रीजमधल्या हवेचं तापमान दार उघडताच बदलतं, त्यामुळे ते फसवं असतं. मधल्या कप्प्यात पाण्याचा ग्लास ठेवा, त्यात थर्मोमीटर बुडवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी दार उघडल्या उघडल्या एकदा बघा, संध्याकाळी पाचच्या सुमारास परत. ४० फॅरनहाइट (४ सेल्सियस) किंवा त्याखाली असेल तर ठीक. त्याच्या वर दोन तासांहून जास्त वेळ राहिलेलं दूध, मटण, शिजवलेला भात टाकून द्या. वास येत नाही म्हणजे चांगलं आहे असं नसतं.

आता तुमचं दुखणं यातलं कोणतं ते बघा:

- सकाळी ३८, संध्याकाळी ५०. यंत्रणा ठणठणीत आहे, ऊन आणि हवा यांचा प्रश्न आहे. सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण.
- फ्रीझरमध्ये आइस्क्रीम घट्ट, खाली लोणी मऊ. बर्फाचा थर, दाराचं रबर, भरण्याची पद्धत किंवा सेन्सर.
- गॅसवर छान, विजेवर ढिम्म. एलिमेंट (विजेवर तापणारी कांडी) किंवा कॅम्पग्राउंडचं व्होल्टेज.
- विजेवर छान, गॅसवर ढिम्म. बर्नर.
- दोन्हीवर, रात्रीसुद्धा, फ्रीझरसकट कोमट. कूलिंग युनिटवर, म्हणजे गारवा तयार करणाऱ्या मागच्या नळ्यांच्या संचावर संशय.
- अमोनियाचा उग्र वास, किंवा मागच्या नळ्यांवर पिवळी भुकटी. इथे पुढचं काही तपासायचं नाही, थेट शेवटच्या भागाकडे जा.

हा फ्रीज उन्हाळ्यात का दमतो

१९२२ साली स्वीडनमधल्या दोन इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी ही रचना शोधली. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन, आणि कूलिंग युनिटमध्ये हलणारा एकही भाग नाही. खालचा बॉयलर गॅसच्या ज्योतीने किंवा विजेच्या एलिमेंटने तापतो, पाण्यात विरघळलेला अमोनिया वाफ होऊन वर जातो, वरच्या कंडेन्सरच्या फिनमध्ये (पत्र्याच्या पातळ पट्ट्यांमध्ये) निवून द्रव होतो, आणि हा द्रव आत परत वाफ होताना फ्रीजमधली उष्णता ओढून घेतो.

मेख त्या कंडेन्सरमध्ये आहे. अमोनिया तिथे द्रव व्हायचा तर त्याने आपली उष्णता आजूबाजूच्या हवेला दिली पाहिजे. ती हवाच तापलेली असेल तर वाफेचा काही भाग द्रव होतच नाही, आणि जेवढा द्रव कमी तेवढा गारवा कमी. आता बॉयलर कितीही तापवा, फायदा नाही. म्हणून पॅनेलवरचं सेटिंग सगळ्यात थंडावर नेऊनही फरक पडत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट (४३ सेल्सियस) किंवा त्याहून वर गेला होता. अशा दिवसांत बाहेरचीच हवा एवढी, तर पश्चिमेच्या उन्हात तापलेल्या भिंतीमागच्या पोकळीत काय होत असेल याचा अंदाज करा.

१. गाडी सपाट आहे का

फुकटात होणारी तपासणी, म्हणून पहिली. उभ्या गाडीत फ्रीज आडवा साधारण ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंश एवढाच कल सहन करतो. नळ्यांमधून द्रव खाली येतो तो फक्त गुरुत्वाकर्षणाने. कल जास्त झाला की तो मध्येच तुंबतो, बॉयलर कोरडा तापतो, आणि गंज थांबवायला घातलेल्या रसायनाचे खडे होऊन नळी बुजू शकते. ते परत विरघळत नाहीत. म्हणजे गारवा तात्पुरता कमी होणं हे किरकोळ नुकसान, खरं नुकसान कायमचं.

चालत्या गाडीत हा प्रश्न येत नाही, द्रव सतत हिंदकळत असतो. घोटाळा होतो घरी. निघायच्या आदल्या रात्री फ्रीज लावून ठेवतात आणि ट्रेलर उभा असतो रस्त्याकडे उतरणाऱ्या ड्राइव्हवेवर. स्पिरिट लेव्हल फ्रीझरच्या तळावर ठेवा, गाडीच्या जमिनीवर नाही.

२. काय भरलंय आणि कसं

हा फ्रीज संथ आहे. रिकामा गार व्हायलाच सहा-आठ तास लागतात, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आदल्या रात्री चालू करा आणि त्यात जे ठेवाल ते घरच्या फ्रीजमध्ये आधी गार केलेलं असू द्या. निघायच्या तासभर आधी केलेली आमटी कोमट असताना आत गेली की पुढचा अर्धा दिवस फ्रीज तेवढंच करत बसतो.

स्टीलचे डबे एकावर एक रचून कप्पा गच्च भरू नका, डब्यांमधून हवा खाली उतरायला वाट हवी. कप्प्यांवर कागद किंवा फॉइल अंथरायची सवय असेल तर ती इथे सोडा. पातळ पदार्थांना झाकण हवंच, नाहीतर त्यातली वाफ आतल्या मागच्या फिनवर बर्फ होऊन बसते. सेलवर चालणारा छोटा पंखा मिळतो. तो आत ठेवला तर वरचा आणि खालचा कप्पा यांतला फरक कमी होतो.

आणि पाण्याच्या, सरबताच्या बाटल्या बाहेर काढा. त्यांना बर्फ घातलेला वेगळा कूलर ठेवा. पोरं दर दहा मिनिटांनी दार उघडतात ती पन्ह्यासाठी, कोथिंबिरीसाठी नाही. एवढ्या एका बदलाने काही जणांची तक्रार मिटलेली आहे.

३. बर्फ आणि दाराचं रबर

आतल्या फिनवर पाव इंचाचा बर्फ साचला की तो गारवा अडवून धरतो. फ्रीज बंद करून, दार उघडं ठेवून, आत गरम पाण्याचं भांडं ठेवून वितळवा. सुरीने खरवडू नका. त्या पत्र्यामागे अमोनियाची नळी आहे.

रबर तपासायला डॉलरची नोट दारात अर्धी अडकवून ओढायची. सहज निसटली तर तिथे फट आहे. चारही बाजूंनी, विशेषतः बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात बघा. रबर नुसतं चेपलेलं असेल तर कोमट साबणाच्या पाण्याने पुसून हेअर ड्रायरने शेकलं की बहुधा परत फुगतं. चिरलेलं असेल तर बदला.

४. गाडीचं तोंड कुठे

फ्रीजची मागची बाजू ज्या भिंतीला आहे ती दुपारी पश्चिमेला येऊ देऊ नका. जागा ठरवताना हे बघायला पैसे पडत नाहीत. सावली मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर त्या भिंतीपासून हातभर अंतरावर सावलीचं कापड ताणा. जाळीवर मात्र काही टाकायचं नाही. ऊन आत येऊ नये म्हणून तिथे पुठ्ठा चिकटवलेले मी पाहिलेत, आणि त्यांचाच फ्रीज सगळ्यात वाईट चालत होता.

५. वीज की गॅस

हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. कडक उन्हाळ्यात, लाँग वीकएंडला कॅम्पग्राउंड भरलेलं असतं आणि प्रत्येक गाडीचा एसी चालू असतो. अशा वेळी पेडेस्टलवर, म्हणजे गाडीला वीज देणाऱ्या खांबावर, १२० ऐवजी १०५ व्होल्टच मिळतात. तुमच्या फ्रीजचं एलिमेंट ३२५ वॉटचं असेल तर १०५ व्होल्टला ते २५० वॉटच्या आसपास येतं. बॉयलरला चौथा हिस्सा उष्णता कमी, तीही नेमकी दुपारी. सॉकेटमध्ये लावायचा स्वस्त व्होल्टमीटर गाडीत ठेवा. आकडा ११० च्या खाली दिसला की फ्रीज गॅसवर न्या, व्होल्टेजचा त्याच्याशी संबंध संपतो. (१०५ च्या खाली एसीलाही धोका असतो, पण तो वेगळा विषय.)

उंचीवर याच्या उलट. उकाड्याला कंटाळून सगळे फ्लॅगस्टाफला पळतात, ते जवळपास ७,००० फुटांवर आहे. ५,५०० फुटांच्या वर हवा विरळ असल्याने ज्योत नीट जळत नाही, कधी विझतेही. तिथे वीज असेल तर वीजच वापरा.

गॅसवर असतानासुद्धा कंट्रोल बोर्डाला १२ व्होल्ट लागतात. बॅटरी उतरली की फ्रीज मधूनच बंद पडतो आणि दोष गॅसला जातो. आणि पेट्रोल भरायला थांबाल तेव्हा ज्योत बंद, यात चर्चा नाही.

६. पाठीमागची हवा

आता मुख्य भाग. फ्रीजमागची पोकळी धुराड्यासारखी चालायला हवी: खालच्या जाळीतून हवा आत, गरम होऊन वर, वरच्या जाळीतून बाहेर. वाट कुठेही अडली की गरम हवा कंडेन्सरपाशीच घोटाळत राहते.

फ्रीज बंद करा, वीज काढा, तासभर निवू द्या, मग खालचं झाकण उघडून टॉर्च लावा. कोळ्यांची जाळी, गांधीलमाशांची मातीची घरं, पानं काढून टाका. मग छपरावर जाऊन वरचं झाकण काढा. शिडी धरायला खाली माणूस हवा, आणि हे काम सकाळी करा, दुपारी छपराला हात लावता येत नाही. पक्ष्यांनी घरटं करू नये म्हणून लावलेली बारीक जाळी धुळीने बंद झालेली असते, ती ब्रशने साफ करा. एका मित्राच्या ट्रेलरमध्ये वरून बघितलं तर फ्रीजच्या डोक्यावरचा फायबरग्लासचा तुकडा सुटून थेट कंडेन्सरवर पडला होता. पिवळट, धुळीने माखलेला, वीतभर लांब. तो उचलला, परत वर दाबून ॲल्युमिनियमच्या पट्टीने चिकटवला, आणि त्याच संध्याकाळपासून फ्रीज सुधारला.

साफसफाईनंतर मागची फट मोजा. कंडेन्सरच्या फिन आणि मागची भिंत यांत एक इंचाहून जास्त जागा असेल तर हवा तिथूनच निघून जाते, फिनला शिवतही नाही. कारखान्यातूनच अशी रुंद फट सोडलेली गाडी काही दुर्मीळ नाही. पातळ पत्रा वाकवून भिंतीच्या बाजूने लावायचा, म्हणजे हवा फिनमधूनच जाईल. फ्रीजच्या डोक्यावर मोकळी जागा असेल तर गरम हवा तिथे साठते. तीही पत्र्याने किंवा न जळणाऱ्या इन्सुलेशनने बंद करा. फोम, थर्माकोल असलं काही बॉयलरच्या आसपास नको.

इतकं करूनही दुपारी आकडा चढत असेल तर पंखे लावा. संगणकात असतात तसे १२ व्होल्टचे, १२० मिलिमीटरचे दोन पंखे पुरतात. कंडेन्सरच्या खाली, हवा वर ढकलतील असे बसवा. प्रत्येकाला ॲम्पिअरच्या काही दशांशाएवढाच करंट लागतो. वायरला फ्यूज घाला. सोबत तापमानावर चालणारा स्विच जोडा, म्हणजे रात्री गार झाल्यावर आपोआप थांबतील. खाली बर्नरजवळ पंखा लावू नका, वाऱ्याने ज्योत फडफडते. ज्यांचा फ्रीज स्लाइडआउटमध्ये (गाडीच्या बाहेर सरकणाऱ्या भागात) आहे त्यांच्याकडे छपराची जाळी नसते, दोन्ही जाळ्या भिंतीलाच असतात, आणि हवा नैसर्गिकपणे नीट वर जातच नाही. त्यांनी पंख्यांचा विचार शेवटी नव्हे, आधी करावा.

७. सेन्सर

आतल्या उजव्या बाजूच्या फिनपैकी एकीला प्लास्टिकच्या चिमट्यात पातळ वायर असते. हा थर्मिस्टर, म्हणजे तापमानाचा सेन्सर. डोमेटिक कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांत तो फिनवर वर सरकवला की फ्रीज जास्त गार होतो, खाली सरकवला की कमी. एक इंच सरकवा, एक दिवस थांबा, मग परत मोजा. तो चिमट्यातून सुटून लोंबकळत असेल तर आधी तो जागेवर बसवा. मल्टिमीटर असेल तर सेन्सर काढून बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. या मॉडेलांत ७,००० ते १०,००० ओहम दिसायला हवेत. खूपच वेगळा आकडा आला तर नवीन घ्या, महाग नसतो.

८. बर्नर आणि एलिमेंट

ज्यांनी आधी असं काम केलेलं नाही त्यांनी इथे थांबलं तरी चालेल.

सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून खालच्या झाकणातून बर्नरवरचा पत्रा काढा. धुराड्याच्या नळीतून गंजाची कपची खाली पडून बर्नरवर साचते, बारीक कोळ्यांना तर ती नळी फारच आवडते. दाबाच्या हवेने आणि मऊ ब्रशने साफ करा. गॅसच्या नोझलचं भोक केसाएवढं असतं. त्यात तार किंवा टाचणी घालू नका, भोक जरा मोठं झालं तरी ज्योत बिघडते. नंतर गॅस चालू करून सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर लगेच बंद. ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी असेल तर काजळी धरतेय आणि कार्बन मोनॉक्साइडचाही प्रश्न आहे.

एलिमेंटसाठी वीज पूर्ण काढून, त्याच्या दोन्ही वायरी बोर्डावरून सोडवून रोध मोजा. १४,४०० भागिले एलिमेंटवर छापलेले वॉट, म्हणजे ३२५ ला साधारण ४४ ओहम. मीटर अनंत दाखवत असेल तर एलिमेंट तुटलंय. तेवढं बदललं की काम होतं.

इथे थांबा आणि टेक्निशियनला बोलवा

अमोनियाचा वास आला तर फ्रीज गॅस आणि वीज दोन्हींवरून बंद करा, खिडक्या उघडा, सगळे बाहेर. आत हायड्रोजनही असतो आणि तो पेट घेतो. पिवळी भुकटी म्हणजे नळीतून गळती झाली, ते युनिट गेलं. त्यावर वेल्डिंग करून देतो म्हणणारा भेटला तर नमस्कार करून निघा. प्रोपेनचा वास आला तर सिलिंडर बंद करून बाहेर पडा, आत स्विचला हात लावू नका. गॅसचा दाब, जो पाण्याच्या ११ इंचांएवढा हवा, तो मोजणं आणि रेग्युलेटर लावणं हे काम मॅनोमीटर असलेल्या माणसाचं.

वास नाही, भुकटी नाही, गाडी सपाट आहे, बॉयलर तापतोय, आणि रात्रीच्या गारव्यातही चोवीस तासांत फ्रीझर कोमटच राहिला, तर कूलिंग युनिट तुंबलंय असं धरून चाला. फ्रीज काढून उलटा करून ठेवायचा जुना उपाय लोक अजून सांगतात. शंभर-दीडशे पौंडांचा फ्रीज दारातून काढून आणि वर गॅसची लाइन परत जोडून, त्यानंतर थोडे दिवस चालला तर चालला. मी तो करत नाही. कूलिंग युनिट बदलायचं की त्याच जागी १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर बसवायचा, हे तुम्ही कसे फिरता त्यावर ठरवा. वाळवंटात हुकअपशिवाय (वीज-पाण्याच्या जोडणीशिवाय) राहणाऱ्यांना गॅसचा फ्रीज अजूनही परवडतो. नेहमी वीज मिळणाऱ्या जागी उतरणाऱ्यांनी कॉम्प्रेसर घ्यावा असं माझं मत.

फोन करण्याआधी दाराच्या आतल्या स्टिकरवरचा मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, आणि एनएचटीएसए या अमेरिकी वाहन-सुरक्षा संस्थेच्या साइटवर त्यावर रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने दिलेली सूचना) आहे का बघा. बॉयलरजवळ आग लागण्याच्या धोक्यामुळे काही जुन्या मॉडेलांवर रिकॉल निघालेले आहेत, आणि वापरलेली गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाने ते काम करून घेतलंय असं गृहीत धरू नका. टेक्निशियनला सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा, गॅसवरचा आणि विजेवरचा फरक, आणि पेडेस्टलचं व्होल्टेज एवढं सांगितलंत तर बरोबर कोणता पार्ट घेऊन निघायचं ते त्याला निघतानाच कळेल आणि दुसऱ्या फेरीचे पैसे वाचतील.